शर्टाची किंमत नेमकी कुठे ठरते? सोलापूरचा माल आणि परदेशातून येणारे स्वस्त कपडे

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत गणवेशांची खरेदी सुरू झाली की दुकानांच्या काउंटरवर दरवर्षी एकच प्रश्न ऐकू येतो. इथे शिवलेला शर्ट साडेतीनशे रुपयांना मिळतो. मग बाहेरच्या देशातून जहाजाने आलेला तसाच दिसणारा शर्ट अडीचशेला कसा परवडतो? कोणी म्हणते, इथला व्यापारी जास्त नफा घेतो. कोणी म्हणते, तिकडचा कामगार अर्धपोटी राबतो म्हणून माल स्वस्त पडतो. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे. मात्र प्रत्यक्ष हिशेब मांडला, तर फरकाचा बराचसा भाग भलतीकडेच सापडतो. ज्या शहरातील हजारो घरांची चूल माग आणि शिलाई मशीन यांच्यावर पेटते, त्या शहराने तरी हा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

सोलापूरचे कापडाशी नाते जुने आहे. आजही ‘जुनी गिरणी’ म्हणून आठवली जाणारी कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात आधी हातमाग आणि पुढे यंत्रमाग उभे केले. मोठ्या गिरण्या विसाव्या शतकाअखेर एकामागून एक बंद पडल्या, पण चादर आणि टेरी टॉवेल टिकले आणि दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळाले. गेल्या काही दशकांत त्यांच्या जोडीला तयार कपड्यांचा, विशेषतः शालेय गणवेशांचा धंदा वाढला आणि इथला गणवेश आता इतर राज्यांतही जातो. त्यामुळे ‘स्थानिक की परदेशी’ हा प्रश्न इथे गिऱ्हाईक म्हणूनही विचारला जातो आणि कामगार म्हणूनही.

आता हिशेबाकडे वळू. पुढचे आकडे गणित समजावे म्हणून धरलेले आहेत. प्रत्येक कारखान्यात ते वेगळे असतील, पण त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण साधारण असेच राहते.

कपड्यांच्या धंद्यात शिलाईचा खर्च मिनिटांत मोजतात. साधा शर्ट पूर्ण व्हायला कॉलर, कफ, बाही, बगल, काज-बटण अशी सगळी कामे मिळून सुमारे २० मिनिटे लागतात असे मानू. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले, तर एका कामगाराची महिन्याची १२,४८० मिनिटे होतात. त्याच्यावर होणारा महिन्याचा खर्च १२,४८० रुपये धरला, की एक मिनिट एका रुपयाला पडते आणि शर्टाची शिलाई २० रुपये व्हायला हवी. प्रत्यक्षात तसे होत नाही. कटिंग वेळेवर येत नाही, दोरा तुटतो, वीज जाते, एका डिझाइनवरून दुसऱ्यावर जाताना हात बसायला वेळ लागतो. या सगळ्यात निम्मी मिनिटे गेली, म्हणजे कार्यक्षमता ५० टक्के राहिली, तर शिलाई ४० रुपयांना पडते. कापड दीड मीटर, १०० रुपये दराने १५० रुपये. बटण, दोरा, बुकरम (कॉलरमधले कडक अस्तर), पिशवी, खोका मिळून २५ रुपये. कटिंग, इस्त्री, गाळ्याचे भाडे आणि वीज मिळून आणखी २५ रुपये. शर्ट तयार झाला २४० रुपयांत. त्यावर उत्पादकाचा १० टक्के नफा, दुकानदाराचे भाडे, पगार आणि नफा मिळून ७० रुपये आणि ५ टक्के जीएसटी चढवला की किंमत साडेतीनशेच्या जवळ पोहोचते.

परदेशातील मोठा कारखाना हाच शर्ट कसा करतो? तो एकाच प्रकारचे कापड लाखो मीटरच्या हिशेबाने घेतो, त्यामुळे त्याला ते १०० ऐवजी ७५ रुपये मीटर पडते आणि शर्टामागे ११२ रुपये लागतात. बटण-दोऱ्याचा खर्च १८ रुपये. कामगारावरचा मासिक खर्च ९,००० रुपये आणि कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर शिलाई २४ रुपये. बाकीचा खर्च हजारो शर्टांवर विभागला जात असल्याने १५ रुपये. एका कंटेनरमध्ये हजारो शर्ट बसतात, म्हणून जहाजाचे भाडे शर्टामागे जेमतेम ६ रुपये. एकूण १७५ रुपये. म्हणजे कारखान्याच्या दारातच ६५ रुपयांचा फरक पडला आणि त्यावर टक्केवारीने नफे आणि कर चढत गेल्यावर काउंटरवर तो शंभराच्या आसपास जातो.

या ६५ रुपयांची फोड मला फार महत्त्वाची वाटते. कापडातून ३८ रुपये वाचले. शिलाईतून १६ रुपये वाचले, पण त्यातले जवळपास ७ रुपये चांगल्या कार्यक्षमतेमुळे आले. निव्वळ कमी पगारामुळे वाचलेली रक्कम ९ रुपयांच्या घरात आहे. ‘पगार कमी केल्याशिवाय आपण टिकणार नाही’ असे जेव्हा कोणी ठामपणे सांगते, तेव्हा या ९ रुपयांची आठवण ठेवावी. सोलापुरातील शिलाई कामगाराचा पगार चतुर्थांशाने कापला, तरी साडेतीनशेच्या शर्टात दहा-पंधरा रुपयेच कमी होतील, आणि त्या कामगाराचे घर मात्र मोडेल. खरी बचत एकत्र कापड खरेदीत, वेळेवर होणाऱ्या कटिंगमध्ये आणि कामाच्या आखणीत दडलेली आहे.

इथे एक गोष्ट ओघात सांगायला हवी. उक्त्या कामात, म्हणजे नगावर मजुरी मिळते तेथे, वाया गेलेल्या मिनिटांचा भार मालकावर पडत नाही, कामगारावर पडतो. वीज गेली किंवा कटिंग आले नाही, तर नग कमी होतात आणि आठवड्याच्या हप्त्यात तेवढी तूट येते. त्यामुळे अनेक लहान कारखानदारांना कार्यक्षमता वाढवण्याची निकड जाणवतच नाही. घरी मशीनवर बसून काज-बटण आणि तुरपाई करणाऱ्या बाईचे तर मशीन तिचे, वीज तिची आणि वाया गेलेला वेळही तिचाच असतो. ‘स्थानिक’ म्हणजे आपोआप न्याय्य, असे धरून चालता येत नाही.

परदेशी कारखान्यांना इतका मोठा आकार आला कसा, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७४ पासून २००४ च्या अखेरीपर्यंत श्रीमंत देश कोणत्या देशातून किती कपडे घ्यायचे याचा कोटा ठरवत असत. ज्या देशांचा कोटा भरून जाई, तेथील व्यापारी कोटा शिल्लक असलेल्या देशांकडे वळत. बांगलादेशातील तयार कपड्यांचा उद्योग याच व्यवस्थेच्या आडोशाने वाढला आणि आज त्या देशाच्या निर्यातीच्या उत्पन्नाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग या एकाच उद्योगातून येतो. आपल्याकडे याच काळात तयार कपड्यांची निर्मिती लघुउद्योगांसाठी राखीव होती. उद्देश चांगला होता, लहान कारखानदाराला संरक्षण मिळावे हा. परंतु एका छताखाली हजारो मशीन लावणारा कारखाना उभा राहण्याची वाट त्यामुळे अडली. हे आरक्षण २००० च्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग धोरणानंतर उठू लागले, तोवर शेजारी बराच पुढे गेला होता.

त्यात सीमाशुल्काचा मुद्दा आहे. चीनसारख्या देशातून येणाऱ्या बहुतेक तयार कपड्यांवर भारत साधारणपणे २० टक्के मूळ सीमाशुल्क लावतो. बांगलादेश मात्र अल्पविकसित देशांच्या यादीत असल्यामुळे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली तेथील कपड्यांना २०११ पासून शुल्काशिवाय प्रवेश मिळतो. मे २०२५ मध्ये भारताने हा माल भूसीमेवरून आणण्यास मनाई करून तो न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांपुरताच मर्यादित केला. त्यामुळे वेळ आणि खर्च वाढला, पण शुल्कमाफी कायम राहिली. बांगलादेश या यादीतून नोव्हेंबर २०२६ मध्ये बाहेर पडेल असे ठरले होते. सवलतींचे गणित त्यानंतर नव्याने मांडावे लागेल.

या साखळीतील आणखी एक दुवा सहसा नजरेआड राहतो. बांगलादेशात कापूस फारच थोडा पिकतो आणि भारतीय सुताच्या मोठ्या खरेदीदारांत त्या देशाची गणना होते. म्हणजे ‘मेड इन बांगलादेश’ शर्टात भारतातल्या शेतातला कापूस असू शकतो. उलट सोलापुरात शिवलेल्या गणवेशाचे कापड पुष्कळदा राजस्थानातील भिलवाडा येथून किंवा इचलकरंजी-भिवंडीच्या मागांवरून येते, आणि त्यात पॉलिस्टरचा वाटा मोठा असतो. एखादा कपडा स्थानिक आहे का, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच एका शब्दात देता येत नाही. कापूस, सूत, कापड, रंगाई आणि शिलाई यांपैकी कोणते काम कुठे झाले, असे विचारले तरच पैसा कुणाच्या हाती गेला ते समजते.

स्वस्त किमतीत न दिसणारा एक खर्च माणसांच्या जिवाचा असतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते आणि तरीही कामगारांना आत पाठवण्यात आले. त्यानंतर तिथल्या कारखान्यांच्या सुरक्षिततेची मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली आणि सुधारणाही झाल्या. डिसेंबर २०२३ पासून तेथील किमान मासिक वेतन १२,५०० टका आहे, म्हणजे आपल्या चलनात सुमारे नऊ हजार रुपये. शेजारच्या कामगाराला हिणवण्याचे कारण नाही. तोही आपल्यासारखाच पोटासाठी राबतो. पण आगीच्या वेळी उघडणारे दार, पक्की इमारत आणि वेळेवर भरलेला भविष्यनिर्वाह निधी यांची किंमत कुणीतरी मोजावीच लागते, आणि ती न मोजलेला माल नेहमी स्वस्त दिसतो. हे सावरला लागू आहे तसेच अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीलाही.

स्थानिक मालाची बाजू खऱ्या अर्थाने कुठे भक्कम होते, याचे माझे उत्तर वेळ आणि उरलेला माल असे आहे. परदेशी कारखाना एका डिझाइनचे काही हजार नग घेतल्याशिवाय काम हाती घेत नाही आणि मागणी तीन-चार महिने आधी नोंदवावी लागते. जीन्स किंवा टी-शर्टाला हे चालते. गणवेशाला चालत नाही, कारण एका शाळेची मुले म्हणजे २२ नंबरपासून ४२ नंबरपर्यंत पसरलेली मापे असतात. प्रवेश जूनपर्यंत चालू राहतात आणि सुट्टीत मुले उंच होतात. समजा एका व्यापाऱ्याने १००० शर्ट १७५ रुपयांनी मागवले आणि मापे न जुळल्यामुळे २०० शर्ट पडून राहिले. दुसऱ्या शाळेचा बिल्ला आणि रंग वेगळा, त्यामुळे ते कुठेच खपत नाहीत. खर्च १,७५,००० रुपये आणि विकले ८०० नग. म्हणजे प्रत्येक विकलेला शर्ट त्याला जवळपास २१९ रुपयांना पडला. ६५ रुपयांचा फरक २१ रुपयांवर आला, आणि त्यात तीन-चार महिने अडकलेल्या भांडवलाचे व्याज अजून धरलेलेच नाही. इथला कारखानदार मात्र ३० आणि ३२ नंबरचे चाळीस नग आठवड्याभरात करून देतो, बाही लांब झाली तर बदलून देतो आणि उधारीही सांभाळतो. सोलापूरच्या गणवेश धंद्याचा पाया हाच आहे, आणि स्वस्त मजुरीच्या शर्यतीत उतरून तो घालवणे हा मोठा घात ठरेल असे मला मनापासून वाटते.

चादर आणि टॉवेल यांचा हिशेब वेगळ्या वाटेने जातो. सोलापुरी चादरीचे सूत आधी रंगवतात आणि मग जेकार्डच्या मागावर नक्षी विणतात; म्हणून नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, रंग मात्र उलटतात. छापील कापडात रंग वरच्या थरावर असतो आणि धुण्याने विरत जातो. सूत रंगवलेल्या चादरीत तो धाग्यातच असतो. टेरी टॉवेल विणताना मागावर दोन बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले रूळ, लागतात. एका बीमचा ताणा घट्ट ठेवतात, दुसऱ्याचा सैल सोडतात, आणि त्या सैल धाग्यांची वेटोळी उभी राहून पाणी शोषतात. या वेटोळ्यांत सूत किती घातले यावर टॉवेलचे वजन आणि आयुष्य अवलंबून असते. दोन टॉवेल समोर असतील, तर लांबी-रुंदी सारखी असताना वजनाचा जड कोणता हे पाहावे. फक्त हाताला मऊ लागला म्हणून घेऊ नये, कारण तो मऊपणा पुष्कळदा रसायनाचा असतो आणि दोन-तीन धुण्यांत निघून जातो.

चादरीची खरी स्पर्धा पॉलिस्टरच्या लवदार ब्लँकेटशी आहे. ती पानिपतहूनही येतात आणि चीनमधूनही. ती दिसायला भरदार, वजनाला हलकी आणि दराने स्वस्त असतात. थंड प्रदेशात त्यांचा उपयोगही मोठा आहे. सोलापूरच्या हवेत मात्र वर्षाचे आठ-नऊ महिने घाम येतो आणि पॉलिस्टर तो शोषत नाही. दुसरी अडचण नावाची आहे. इतरत्र विणलेल्या, सुतात भेसळ असलेल्या चादरी ‘सोलापुरी’ म्हणून विकल्या जातात आणि त्यांनी बाजारभाव पाडला आहे. भौगोलिक मानांकनामुळे नाव वापरण्याचा हक्क या भागातील उत्पादकांपुरता मर्यादित होतो, पण तक्रार आणि दावा करणारा कुणी नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो. गिऱ्हाइकाला घरी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे: काठाचा एखादा सुटा धागा काढून जपून जाळावा. सुती धागा कागदासारखा वास देऊन राख होतो. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी बनते.

सुताच्या दरात आणखी एक ओढाताण आहे आणि तिला सोपे उत्तर नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला तो हवाच आहे. मागवाल्याला मात्र सूत जागतिक भावाने मिळाले तरच त्याचा टॉवेल परदेशात खपतो. सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काही काळासाठी उठवले, तेव्हा गिरण्यांना दिलासा मिळाला आणि शेतकरी संघटना संतापल्या. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले आणि निर्यातीवर जगणाऱ्या टॉवेल उद्योगाच्या मागण्या अडचणीत आल्या. ‘स्थानिक विकत घ्या’ म्हणणाऱ्या आपल्याच शहराचे पोट परदेशी गिऱ्हाइकावरही अवलंबून आहे, हे या एका महिन्याने दाखवून दिले.

पर्यावरणाच्या बाबतीतही घाईने निष्कर्ष काढू नये. समुद्रमार्गे आलेल्या कपड्याच्या एकूण प्रदूषणात जहाजाचा वाटा लहान असतो. सूत, रंगाई आणि प्रक्रिया यांचा वाटा कितीतरी मोठा असतो. रंगाईला भरपूर पाणी लागते, आणि सोलापूर तर उजनी धरणाच्या पाण्याकडे डोळे लावून बसणारे शहर आहे. सांडपाणी शुद्ध न करता सोडणारे रंगाईघर आपल्या गावातले आहे, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. पर्यावरणाचा सगळ्यात मोठा लाभ कपडा दुप्पट काळ टिकण्यात आहे, आणि टिकाऊपणा शिवणीत, कापडाच्या वजनात व रंगाच्या पक्केपणात तपासता येतो.

सगळेच कपडे इथले घ्यावेत असा माझा आग्रह नाही. पावसाळी जॅकेट, खेळाचे ताणणारे कपडे, बारीक सिंथेटिक कापडाचे प्रकार यांची पूर्ण साखळी चीन आणि व्हिएतनाममध्ये उभी आहे. ती मोडून इथे महाग माल करण्यात कुणाचे भले नाही. गणवेश, चादर, टॉवेल, पंचा, सुती साडी, रुग्णालयाचे आणि हॉटेलचे कापड यांत मात्र सोलापूरचा माल वापराच्या हिशेबाने परवडतो. ४०० रुपयांचा टॉवेल चार वर्षे टिकला आणि २५० चा दोन वर्षांत विरला, तर वर्षाला पहिला १०० रुपयांना पडतो आणि दुसरा १२५ ला. अर्थात ज्याच्या खिशात आज २५० रुपयेच आहेत, त्याला हा हिशेब सांगून उपयोग नाही. त्याच्यासाठी हप्त्याने किंवा एकत्र खरेदीने चांगला माल स्वस्त करणे हे काम संस्थांचे आहे.

संस्थांच्या खरेदीतच खरा बदल शक्य आहे. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळेतील विद्यार्थ्याला दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपये मिळतात, म्हणजे एका जोडाला ३००. या रकमेत कापड, शिलाई आणि नफा बसवायचा म्हटले की कापड पातळ होते किंवा शिलाईची मजुरी घसरते. महाराष्ट्राने २०२४-२५ मध्ये कापड एकत्र खरेदी करून शिलाई महिला बचत गटांकडे सोपवली. एकत्र खरेदीची कल्पना वर मांडलेल्या गणितात बसणारी होती, पण कापड पोहोचायला उशीर झाला आणि अनेक मुलांना शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी गणवेश मिळाले नाहीत. पुढच्या वर्षी खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली.

या समित्यांना, आणि खासगी शाळांनाही, तीन गोष्टी सहज करता येतील. दरपत्रक मागवताना सर्वांत कमी दर एवढीच अट न ठेवता कापडाचे वजन, आटण्याचे प्रमाण आणि रंगाचा पक्केपणा लिहून द्यावा, म्हणजे पातळ कापडाचा दर चांगल्या कापडाशी तोलला जाणार नाही. चार-सहा शाळांनी एकच कापड निवडून मागणी एकत्र द्यावी, म्हणजे ज्या ३८ रुपयांत इथला कारखानदार मागे पडतो त्यातला बराचसा भाग भरून निघेल. आणि मुलांची मापे मे महिन्याऐवजी जानेवारीतच घेऊन मागणीचा मोठा भाग तेव्हाच नोंदवावा. वाढत्या वयासाठी एक नंबर पुढचा धरावा आणि नव्या प्रवेशांसाठी थोडे कापड न शिवता राखून ठेवावे. त्यामुळे शिलाई कामगारांना मंदीच्या फेब्रुवारी-मार्चमध्येही काम मिळते, मे महिन्यातील रात्रपाळी कमी होते आणि जूनमध्ये कमी पडलेली मापे आठवड्याभरात शिवून देता येतात.